आमचं नाव बेटावर राहतं

फोको हार्म्सने दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा सगळ्या गावाला त्याच्या गुडघ्यांचं वाईट वाटलं. आमच्या मेलचं काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

फोकोचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. पुढे बल्ब, इस्त्र्या आणि केस वाळवायची यंत्रं. मागच्या खोलीत त्याच्या बायकोचा भलामोठा फ्रीजर, आणि फ्रीजरच्या शेजारी एका खोक्यावर एक करडं यंत्र अखंड गुरगुरत बसलेलं असे. अर्ध्या गावाची मेल त्या यंत्रात राहायची. दाताच्या डॉक्टरांची, नेमबाजी मंडळाची आणि आमच्या आडेन ऑर्गन कारखान्याची. कारखाना हा शब्द जरा मोठा झाला. आम्ही सगळे मिळून एका टेबलाभोवती चहाला बसतो आणि तरी कोपराला कोपर लागत नाही. पण चर्चचे जुने ऑर्गन उघडून, धुऊन-पुसून पुन्हा सुरात आणणारी माणसं इकडे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पूर्व फ्रीसलंडातही आता फारशी उरली नाहीत, तेव्हा एवढा मोठेपणा आम्हाला माफ असावा.

मी तिथली कचेरी सांभाळतो. माझं नाव मेन्सो उकेना. मला सुरांतलं काही कळत नाही, लाकडातलं त्याहून कमी. मला पत्रव्यवहार कळतो. चर्चच्या मंडळाला कोणत्या शब्दांत नाही म्हणावं आणि कोणत्या शब्दांत आठवण करून द्यावी, यात माझा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. निदान एका पाद्रीबाईंनी तरी सांगितलं होतं.

फोकोचं म्हणणं असं की पानगळीपर्यंत यंत्र चालू ठेवतो, तोवर आपापली सोय बघा. मी ही बातमी अकराच्या चहाला सगळ्यांच्या कानावर घातली. सगळे आपापल्या कपात बघू लागले. मग एनो, जो नळ्यांना सूर लावतो आणि एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यांतलं एक वाक्य बोलला. मागच्या हिवाळ्यात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मेन्सोनेच काढला होता, असं तो म्हणाला. आमचे मालक रेम्ट आडेन यांनी मान हलवली. झालं. एका कागदापायी मी संगणकाचा जाणकार ठरलो.

घरी आल्यावर अल्मुथला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "यातला माणूस बोलाव." मी म्हटलं, यात माणूस बोलावण्यासारखं काही नाही. हे वाक्य तिने पुढे बरेच दिवस, तोंडाने चकार शब्द न काढता, नुसत्या भुवयांनी मला परत ऐकवलं.

सुरुवात मात्र उत्तम झाली. दक्षिणेकडची एक मोठी कंपनी निवडली. तिथे फोनवर एक बाई होत्या, त्यांचा आवाज दवाखान्यातल्या नर्ससारखा शांत. त्यांनी मला समजावलं की मेलच्या पत्त्यात त्या गोल वेटोळ्याच्या पुढे जे नाव असतं, ती म्हणजे दारावरची पाटी. घर बदललं तरी पाटी तीच राहते. फोकोच्या दारावरची पाटी उचलायची आणि आमच्या नव्या दारावर लावायची, की सगळी मेल आपोआप तिकडे येऊ लागेल. फक्त पाटीच्या मालकाची परवानगी हवी.

मी म्हटलं, मालक इथेच आहेत, पलीकडच्या खोलीत रंधा मारतायत. बाईंनी नाव विचारलं. मी रेम्ट आडेन सांगितलं. कळा दाबल्याचा आवाज आला.

"नाही," बाई म्हणाल्या, "हे नाव गेशे आडेन यांच्या मालकीचं आहे. त्यांची सही आणि ओळखपत्राची प्रत पाठवा."

मी जरा गोंधळलो आणि म्हणालो की गेशे आडेन आता नाहीत.

बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. त्यांनी मनापासून शोक व्यक्त केला आणि मृत्यूचा व वारसाचा असे दोन दाखले जोडायला सांगितले. मी घाईने खुलासा केला की त्या जिवंत आहेत, बाल्ट्रुम बेटावर राहतात, पण काडीमोड झाल्यापासून माहेरचं पोपिंगा हे नाव लावतात. म्हणजे गेशे आहेत, गेशे आडेन नाहीत.

मग बाईंनी विचारलं, "जी व्यक्ती नाही तिचं ओळखपत्र तुम्ही आणणार कुठून?" मी म्हटलं, मी तेच विचारायला फोन केलाय. शेवटी असं ठरलं की नाव बदलल्याचा पुरावा, जुना पत्ता, नवा पत्ता आणि सही हे सगळं स्वतः गेशेबाईंनी पाठवावं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नावाला हात लावता येणार नाही.

आता हे मालकांना सांगणं आलं. रेम्ट आडेन यांना ओळखणारा माणूस त्यांच्याशी अवांतर बोलायला जात नाही. त्यांचा कान असा की शेकडो नळ्यांतली एक नळी केसभर खाली उतरली तरी ते चर्चच्या दारातूनच तिच्याकडे बोट दाखवतात. गेशेबाई त्यांच्या बायको होत्या तेव्हा कचेरी त्याच पाहत. त्या गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी आलो. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण खुर्ची त्यांच्या उंचीची होती आणि ती मी आजतागायत बदललेली नाही.

मी सगळं सांगितलं. मालकांनी हातातल्या नळीत फुंकर मारली, ऐकली, खाली ठेवली.

"तिच्याकडे आहे अजून ते?"

मी म्हटलं, दिसतंय तसं. दर वर्षी नावाची मुदत त्याच वाढवून घेतात.

"मग विचारा तिला."

मी म्हणालो, माझी त्यांची ओळख नाही, आपण स्वतः विचारलंत तर बरं दिसेल. त्यावर ते म्हणाले, "मेलचं तुम्हीच बघताय ना, उकेना?" आणि दुसरी नळी उचलली.

परक्या बाईच्या दारात जाऊन तिच्या माजी नवऱ्यासाठी पाटी मागायची, हे माझ्या नोकरीत कुठे बसतं ते मला समजेना. म्हणून ते काम मी पुढे ढकललं आणि आधी बाकीचं उरकायला घेतलं. इथूनच खरी गडबड झाली.

आमचे शेजारी क्रुस्कोप हे निवृत्त पोस्टमास्तर. आमची कुंपणं एकमेकांना टेकून कितीतरी वर्षं झाली, पण आम्ही अजून एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतो. त्यांच्या मते मेल ही गोष्टच मुळात पोस्टाचा अपमान आहे. तरीही मी हेज कापत असताना ते कुंपणाशी आले आणि सगळी हकिकत त्यांनी डॉक्टरसारखी ऐकून घेतली. मग म्हणाले की यात अवघड काय आहे. माणूस घर बदलतो आहे पण पुरता बदललेला नाही, अशी प्रकरणं त्यांनी पोस्टात ढिगाने हाताळली होती. जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र नव्यावर धाडायचं, नव्यावर आलेलं जुन्यावर. म्हणजे माणूस कुठेही असो, पत्र त्याला गाठतंच.

"एकसुद्धा पत्र गहाळ होणार नाही, उकेना," ते म्हणाले. "आमच्या वेळी झालं नाही."

मला ते पटलं. मला पत्रव्यवहार कळतो, हे मी वर सांगितलंच आहे. मी जुन्या यंत्राला सांगितलं, येईल ते नव्याकडे पाठव. नव्याला सांगितलं, येईल ते जुन्याकडे पाठव. शुक्रवारची दुपार होती. मी समाधानाने घरी गेलो.

पोस्टात या दोन आज्ञांच्या मध्ये एक पोस्टमन असतो, आणि तेच पाकीट तिसऱ्यांदा हातात आलं की तो थांबून डोकं खाजवतो. यंत्राला खाजवायला डोकं नसतं. त्यात एनो त्या आठवड्यात पाठीच्या उपचारासाठी डोंगराकडच्या एका आरोग्यधामात गेला होता आणि जाताना त्याने, माझ्याच मदतीने, एक उत्तर लावून ठेवलं होतं. मजकूर असा: 'मी सुट्टीवर आहे. सोमवारी परत येईन. एनो.' कोणत्या सोमवारी ते त्याने लिहिलं नव्हतं. एनो तेवढी वाक्यं वापरत नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ओस्टरवार्फच्या पाद्रीबाई व्युबेना यांनी एनोला मेल पाठवली.

ओस्टरवार्फबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण इथे हसण्यासारखं काही नाही. तिथल्या चर्चमधला ऑर्गन आमच्या खापरपणजोबांच्याही आधीचा. गेली कित्येक वर्षं तो मुका पडून आहे. भाते फाटलेत, निम्म्या नळ्यांना किड्यांनी पोखरलेल्या लाकडाचा आधार. मालक तरुणपणी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हापासून त्यांना तो ऑर्गन दुरुस्त करायचा होता. दुसरं कुठलंही स्वप्न त्यांनी कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. आता चर्च मंडळाने ते काम काढलं होतं आणि आमच्यात व सीमेपलीकडच्या एका डच कारखान्यात निवड व्हायची होती. ते काम मिळालं नसतं तर येणारा हिवाळा आम्ही नुसतं टेबलाभोवती बसून काढला असता, आणि वसंतात त्या टेबलाभोवती कमी माणसं असती. हे कुणी बोलत नव्हतं. पण चहाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

पाद्रीबाईंनी मंडळाचे काही प्रश्न पाठवले होते. ती मेल जुन्या यंत्रातून नव्यात गेली, नव्यातून जुन्यात, पुन्हा नव्यात, आणि प्रत्येक फेरीला एनोने त्यांना कळवलं की तो सुट्टीवर आहे. शनिवारभर कळवलं. रविवारी त्या प्रवचन देत होत्या तेव्हाही कळवलं.

सोमवारी सकाळी फोकोच्या मागच्या खोलीतलं यंत्र तापून विमानासारखं ओरडू लागलं आणि फ्यूज उडाला. फ्यूजबरोबर फ्रीजर गेला. फ्रीजरमध्ये फोकोच्या बायकोने हिवाळ्यासाठी केल नावाची पालेभाजी निवडून, उकडून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवली होती. मला कळेपर्यंत ती सगळी वितळून दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. मी माफी मागायला गेलो. फोकोच्या बायकोने माझ्यासमोर यंत्राची वायर भिंतीतून उपटली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. फोको म्हणाला, "मेन्सो, मी तीस वर्षं संसार करतोय. ते यंत्र आता पुन्हा सुरू होणार नाही."

आणि आमचा कारखाना मुका झाला. मेल येईना, जाईना. आमच्या पाटीवर अजून फोकोच्या दाराची खूण होती आणि फोकोच्या दारामागे आता नुसता केलचा वास होता.

दुपारी पाद्रीबाईंचा फोन आला. त्यांनी अतिशय सौजन्याने विचारलं की एनो कुठे आहेत. मी म्हटलं, आज सकाळीच परत आले, शेजारच्या खोलीत आहेत. "मग," त्या म्हणाल्या, "सुट्टीवर अजून कोण आहे?" त्यांच्या मंडळाचा समज असा झाला होता की एकतर आम्ही कारखाना बंद केला आहे किंवा आम्हाला वेड लागलं आहे. बुधवारी संध्याकाळी मंडळाची बैठक होती. प्रश्नांची उत्तरं त्याआधी, सगळ्या सभासदांना, मेलनेच हवी होती. मी उत्तरं माझ्या घरच्या पत्त्यावरून लगेच धाडली. तासाभराने त्यांचा पुन्हा फोन आला. मंडळाच्या खजिनदाराने ती मेल कुणा भामट्याचा डाव समजून पुसून टाकली होती आणि बाकीच्यांनाही पुसायला लावली होती. आमच्या नेहमीच्या पत्त्यावरून आलेलंच ते ग्राह्य धरणार होते.

मी कोट चढवला.

बाल्ट्रुमला जायचं तर घड्याळ बघून चालत नाही, भरती बघावी लागते. पाणी आलं की बोट सुटते, पाणी गेलं की चिखल. मंगळवारी बोट दुपारी होती. बेटावर उतरल्यावर मला वाटलं होतं, पत्ता हातात आहे, काम सोपं आहे. पण तिथे रस्त्यांना नावं नाहीत. घरांना फक्त नंबर, आणि नंबर दिलेत ते घर बांधलं गेलं त्या क्रमाने. नऊ नंबरच्या शेजारी एकशे चाळीस, त्याच्या मागे बावीस. मी वाऱ्यात टोपी धरून बेटाला प्रदक्षिणा घातली. सामानाची घोडागाडी हाकणाऱ्या एका गृहस्थाने मला तीनदा ओलांडलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं, मी कर वसूल करायला आलोय का. गेशेकडे जायचंय म्हटल्यावर त्याने घोडाच त्या दिशेला वळवून दाखवला.

गेशे पोपिंगा तिथे पाहुण्यांसाठी खोल्या चालवतात. उंच बाई, बाह्या वर सरलेल्या, खिडकीला रंग देत होत्या. मी नाव सांगितलं, कारखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खुर्चीवरचे तुम्ही. आत या."

आमच्याकडे कुणाच्या घरी चहाचे तीन कप घेतल्याशिवाय कामाचं बोलणं हा उद्धटपणा समजतात. खडीसाखर, वरून कडक चहा, साखर तडकल्याचा आवाज, कडेने साय, आणि ढवळायचं नाही. पहिल्या कपाला त्यांनी हवेबद्दल विचारलं. दुसऱ्याला एनोच्या पाठीबद्दल. तिसऱ्याला मी सगळं सांगितलं. क्रुस्कोप, केलची भाजी, पाद्रीबाई, सगळं. ओस्टरवार्फचं नाव आलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

त्या म्हणाल्या की ते नाव त्यांनी घेतलं तेव्हा गावात कुणाकडे मेल नव्हती आणि रेम्ट म्हणाला होता, हे खूळ आहे, दोन वर्षांत जाईल. म्हणून त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. घर सोडल्यावरही मुदत वाढवत राहिल्या. पहिल्या वर्षी रागाने, की कधीतरी त्याच्या लक्षात येईल आणि तो विचारेल. पुढे सवय म्हणून.

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही आलात. तुम्ही भले गृहस्थ दिसता, उकेना. पण मला तुम्ही विचारून चालणार नाही. त्याला येऊ द्या."

मी उठलो. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सांगितलं की माझी बोट दुसऱ्या कपालाच गेली. आता उद्या दुपारी.

त्यांच्या बैठकीच्या खोलीतून मी मालकांना फोन लावला. आयुष्यात इतका अवघड फोन मी केलेला नाही. मी निरोप शब्दशः सांगितला. पलीकडे कारखान्यातल्या कातकामाच्या यंत्राचा आवाज येत होता. मग ते यंत्र बंद झाल्याचा आवाज आला. 

"उद्या भरती कधी आहे?" मालकांनी विचारलं.

बुधवारी ते बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर काळा सूट होता. तो आम्ही ऑर्गनच्या उद्घाटनाला आणि अंत्ययात्रेला पाहिलेला. बोट परत सुटायला फार वेळ नव्हता आणि ओस्टरवार्फची बैठक संध्याकाळी होती. दारात ते "मॉइन" म्हणाले, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार. गेशेबाई "मॉइन" म्हणाल्या. मी म्हणालो, मी जरा वाळूच्या टेकड्यांवरून फिरून येतो. तर दोघंही एका सुरात म्हणाले, "बसा, उकेना."

मी दोघांच्या मध्ये बसलो. चहा ओतला गेला. साखर तडकली.

"उकेना," गेशेबाई म्हणाल्या, "यांना विचारा, काय काम काढलंत."

ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी विचारलं.

"सांगा, नाव हवंय."

मी सांगितलं.

"विचारा, कशाला."

"सांगा, नावाशिवाय आम्ही कुणाला सापडत नाही."

मी तोंड उघडलं, पण गेशेबाई तोवर सरळ त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"मला पत्ता माहीत होता, रेम्ट. एका भिंतीपलीकडे बसायचास. तरी तू मला कुठे सापडलास?"

मालक टेबलावरच्या कापडाची किनार बघत होते.

"नळीत माशीचा पंख अडकला तर तुला ऐकू येतो," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी तुला तीनदा सांगितलं, मी जाते. तिन्ही वेळा तू 'हं' म्हणालास."

मी कपात चमचा ठेवला. आमच्याकडे त्याचा अर्थ, पुरे, आता ओतू नका. कुणाचं लक्ष नव्हतं. खिडकीला लावलेला ओला रंग चकाकत होता, त्याकडे मी फार बारकाईने बघत राहिलो.

मग मालक बोलले. "मला वाटलं, बाजारात जातेस."

गेशेबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तिन्ही वेळा?"

"हं," मालक म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "हो. तिन्ही वेळा. तू सामान घेऊन परत येशील म्हणून मी थांबलो होतो. मग अंधार पडला."

गेशेबाईंच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे मी सांगू शकत नाही. मला सुरांतलं कळत नाही. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, बोटाने रंग वाळला का पाहिलं. वाळला नव्हता. बोट पुसत परत आल्या आणि म्हणाल्या की नाव त्या देणार नाहीत. ते त्यांचं आहे आणि त्यांचंच राहील.

मालकांनी नुसती मान हलवली आणि टोपीकडे हात नेला.

"बस," त्या म्हणाल्या. "नाव देणार नाही म्हटलं. मेल अडवणार असं नाही म्हटलं." मग मला विचारलं, "नव्या कंपनीने तुम्हाला आकड्यांची एक ओळ दिली असेल ना? ती वाचा."

त्यांनी ताटाळ्याशेजारचा लॅपटॉप ओढला. मी ओळ वाचली, त्यांनी टंकली, दोन ठिकाणी काहीतरी बदललं. तिसरा कप अजून गरम होता. पाटी ज्याच्या नावावर आहे त्याने तिची दिशा स्वतः बदलली तर कुणाची परवानगी लागत नाही, दाखला लागत नाही, सही लागत नाही. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी हे उद्योग त्या नेहमीच करतात. मी विचारलं, मग फोनवरच्या बाईंनी मला हे का सांगितलं नाही. गेशेबाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना नाव कसं काढून घ्यायचं ते विचारलंत. त्यांनी तेवढंच सांगितलं."

त्यांच्याच टेबलावरून, आमच्या नेहमीच्या पत्त्यावरून, मी ओस्टरवार्फची उत्तरं पाठवली. निघताना मालकांनी हात पुढे केला. गेशेबाईंनी तो हातात घेतला आणि बोटांवरच्या जुन्या चिरा बघितल्या. म्हणाल्या, मलम लाव. ते म्हणाले, लावतो.

बोटीवर वारा होता. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो, बेटाकडे पाठ करून. किनारा जवळ आला तसा माझा फोन खिशात थरथरू लागला आणि थांबेना. सोमवारपासून जगाने आम्हाला जे जे पाठवलं होतं आणि जे वाटेत कुठेतरी दाराशी उभं राहिलं होतं, ते सगळं आता आत येत होतं. मालकांनी विचारलं, काय आहे. मी म्हटलं, मेल येतेय.

"वाचा," ते म्हणाले. "सगळी वाचा."

मी वाचू लागलो. एका चर्चच्या शिपायाने कळवलं होतं की ऑर्गनमध्ये वटवाघूळ आहे. लाकडाच्या वखारीची आठवण होती. एका शाळेला सहल आणायची होती. मालक डोळे मिटून ऐकत होते. गावाजवळचा धक्का दिसायला लागला तेव्हा पाद्रीबाईंची मेल आली. बैठक सुरू होऊन फार वेळ झालेला नसावा. त्यांनी लिहिलं होतं की मंडळात मतभेद झाले. काहींचं म्हणणं, जो कारखाना स्वतःची पत्रं सांभाळू शकत नाही तो नळ्या काय सांभाळणार. मग मंडळातल्या सर्वांत वयस्क शेतकऱ्याने हात वर केला. तो म्हणाला की आपण जागेवर नाही हे इतक्या वेळा न चुकता कळवणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिलेला नाही, आणि अशा माणसाला भाते सोपवायला त्याची हरकत नाही. या हिवाळ्यात भाते आमच्याकडे. ते नीट झाले तर वसंतात बाकीचा ऑर्गन.

मालकांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, वाऱ्याकडे बघितलं आणि रुमाल परत ठेवला.

"आणखी?"

मी म्हटलं, एकच राहिली आहे, आत्ता आलेली. गेशेबाईंची. आपली मेल नव्या जागी पोचते का, हे बघायला पाठवलेली दिसते.

"काय म्हणते?"

"एकच शब्द आहे, साहेब. 'चाचणी'."

बोटीने वेग कमी केला. खलाशाने दोर हातात घेतला.

"उत्तर द्यावं लागतं का त्याला?"

मी खरं सांगितलं. द्यावंच असं नाही. पण दिलं तर पाठवणाऱ्याला कळतं, की पोचलं.

ते विचार करत राहिले. दोर फेकला गेला, बोट धक्क्याला लागली, लोक पिशव्या उचलून उतरू लागले. आम्ही बसूनच होतो. मी अंगठा फोनवर ठेवून तयार होतो. माझ्या मनात दोन-तीन नेटके मजकूर होते, मला पत्रव्यवहार कळतो, पण मी ते सुचवले नाहीत.

"लिहा," शेवटी ते म्हणाले. "ऐकू आलं."

मी लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन शब्द हळूहळू वाचले. मग बाकावर उलटे वळले आणि जिकडून आम्ही आलो होतो तिकडे तोंड करून बसले. मी कळ दाबली.